शून्य आणि रेघ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सातवीत असताना लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला मी याच व्यासपीठावर भाषणास उभी राहिले होते. पाठ केलेले भाषण तिसऱ्या वाक्यालाच विसरले, पाणी पिण्याच्या निमित्ताने खाली उतरले आणि पुन्हा वर आले नाही. शाळेने आपल्या साठाव्या वर्षी मला पुन्हा वर बोलावले, याबद्दल मी तिची ऋणी आहे. आज कागद बरोबर आणला आहे.

निमंत्रणपत्रात एक सूचना होती: आपण बंगळूरला नेमके काय करता, ते मुलांना समजेल अशा मराठीत सांगावे. गेली तीस वर्षे माझे नातेवाईक हाच प्रश्न विचारत आले आहेत. माझी आई शेजारणींना सांगत असे, "ती कॉम्प्युटरवर पाऊस पाडते. पण सगळा तिकडंच. इकडं थेंब नाही." आईच्या या वर्णनात शास्त्राच्या दृष्टीने फारशी चूक नाही. मी पाऊस, माती आणि पीक यांची मॉडेले संगणकावर चालवते. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत याला सदृशीकरण म्हणतात. मी मात्र आज 'मॉडेल चालवणे' असेच म्हणणार आहे, कारण आम्ही आपसात तसेच म्हणतो.

मॉडेल म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मला बंगळूरला जावे लागत नाही. याच शाळेत, पाचवी-सहावीच्या गणितात, ते आपण सर्वांनी सोडवले आहे. एक हौद एका तोटीने ४ तासांत भरतो, दुसऱ्या तोटीने ६ तासांत रिकामा होतो. दोन्ही तोट्या एकदम सोडल्या तर हौद किती वेळात भरेल? उत्तर १२ तास. त्या वयात आपल्याला पडणारा खरा प्रश्न असा असे, की खालची तोटी उघडी ठेवून हौद भरणारा हा शहाणा कोण? त्याचे उत्तर मला पुढे मिळाले. तो शहाणा म्हणजे शेतजमीन. वरून पाऊस तिला भरतो. ऊन आणि पिकाची मुळे तिला रिकामी करतात. पिकाच्या साऱ्या आयुष्यात हा हौद किती दिवस कोरडा राहिला, आणि ते दिवस पिकाच्या बालपणात आले की दाणे भरण्याच्या वेळी आले, यावर सुगी ठरते.

भुईमुगाचे मॉडेल हाच हिशोब रोज एकदा करते. आजचे कमाल आणि किमान तापमान किती, ऊन किती, पाऊस किती; मातीच्या कोणत्या थरात किती पाणी उरले; मुळे कोठवर गेली; पाने किती वाढली; आऱ्या सुटल्या की नाही. एक दिवस संपला की त्या दिवसाचे उत्तर दुसऱ्या दिवसाचा प्रश्न होते. साडेतीन महिन्यांचे पीक संगणकाच्या आत डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी पेरले जाते, वाढते आणि काढले जाते. खऱ्या शेतकऱ्याला आयुष्यात चाळीस-पन्नास खरीप मिळतात. मॉडेल एका दुपारी हजार खरीप घेऊन दाखवते. त्याची किंमत आहे ती एवढ्याचसाठी.

आता ते चालवतात कसे, याविषयी. प्रयोगशाळा म्हटली की चित्रपटातले रंगीत दिवे आपल्या डोळ्यांसमोर येतात. माझ्यासमोर असतो एक काळा पडदा आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी छोटीशी खूण. चित्रे नाहीत, बटणे नाहीत, माउसला काम नाही. त्या खुणेपाशी एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचे. हिला कमांड लाइन म्हणतात. ओळ साधी असते: प्रथम मॉडेलचे नाव, एक जागा सोडून एक अक्षर, पुन्हा एक जागा सोडून फाइलचे नाव. मी जे पीक-मॉडेल वापरते, त्यात 'बी' हे अक्षर लिहिले, की 'या फाइलमधल्या यादीतले सर्व प्रयोग ओळीने चालव' असा त्याचा अर्थ होतो. एक जागा कमी पडली, एक अक्षर चुकले, की संगणक काम नाकारतो.

बटणे दाबण्याची सोय असताना आम्ही अजून हा खटाटोप का करतो? समजा, ४० वर्षांचा पाऊस हाती आहे, पेरणीच्या ९ तारखा तपासायच्या आहेत आणि जमीन दोन प्रकारची आहे. म्हणजे ७२० वेळा मॉडेल चालवायचे. बटणे दाबून ७२० वेळा हे काम करणारा माणूस ३००व्या वेळी काय दाबले ते सांगू शकत नाही. ओळीने दिलेली आज्ञा मात्र फाइलमध्ये लिहून ठेवता येते, पुन्हा तशीच देता येते आणि दुसऱ्याच्या हाती सोपवता येते. गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहिले तर आपले सर निम्मे गुण कापत; म्हणत, "रीत दाखवा." आज्ञांची ती फाइल म्हणजे आमची रीत. शिवाय मोठे संगणक आपल्या टेबलावर नसतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली 'परम प्रवेग' हा महासंगणक बसवण्यात आला. त्याची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप्स आहे, म्हणजे एका सेकंदात ३३ वर १४ शून्ये इतकी गणिते. एवढ्या यंत्राशीसुद्धा दूरच्या खोलीत बसून संवाद साधायचा तो याच काळ्या पडद्यावरच्या एका ओळीने. ओळ लिहून कामाची पाळी लावायची, आपला क्रमांक येण्याची वाट पाहायची, आणि सकाळी येऊन निकाल वाचायचा.

या विद्येचा इतिहास मोठा रंजक आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असताना फावल्या वेळात, कागद-पेन्सिलीने, हवामानाचे पहिले मॉडेल 'चालवले'. २० मे १९१० या दिवशीच्या सहा तासांत युरोपातल्या एका ठिकाणी हवेचा दाब किती बदलेल, एवढे काढायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. उत्तर आले १४५ मिलिबार वाढ. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. १९२२ साली त्याने आपले हे फसलेले उत्तर साऱ्या रीतीसह पुस्तकात छापले. रीत छापली होती म्हणूनच पुढच्या संशोधकांना दोष कोठे आहे ते पाहता आले. समीकरणे बरोबर होती. सुरुवातीला भरलेल्या आकड्यांत मेळ नव्हता. पुढे १९५० साली अमेरिकेत ज्यूल चार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनिआक या संगणकावर पहिले यशस्वी अंदाज काढले. चोवीस तासांचा अंदाज काढायला त्या यंत्राला जवळजवळ चोवीस तास लागत.

या चार्नींपासून एक धागा थेट बंगळूरला येतो, आणि तो मराठी आहे. डॉ. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म १९४४ साली पुण्यात झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण मराठी माध्यमात झाले, पदवी फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि १९७० साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळाली. नंतर त्यांनी एमआयटी या संस्थेत चार्नी यांच्यासमवेत काम केले. तेथेच राहणे सोपे होते. पण ज्याचा अभ्यास करायचा तो मोसमी पाऊस इकडे होता. १९७१ मध्ये त्या आणि त्यांचे पती, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, भारतात परतले. आपल्या भागातील वडीलधारी मंडळी ज्याला नुसते 'बहात्तरचा' म्हणतात, तो दुष्काळ पुढच्याच वर्षी पडला. १९७३ पासून सुलोचनाबाईंनी भारतीय विज्ञान संस्थेत काम केले आणि तेथील वातावरणविज्ञान केंद्राच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. डी. आर. सिक्का यांच्याबरोबर उपग्रहाची चित्रे तपासून त्यांनी १९८० साली दाखवून दिले, की पावसाळ्यात विषुववृत्ताकडच्या समुद्रावरून ढगांचे पट्टे काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत येतात. आपण ज्याला 'पावसाने उघडीप दिली' आणि 'पुन्हा धरला' म्हणतो, त्यामागची ही हालचाल. २००६ साली त्यांनी आणि त्यांचे पुत्र सिद्धार्थ गाडगीळ यांनी हिशोब मांडला, की तीव्र दुष्काळाचा फटका देशाच्या एकूण उत्पन्नाला २ ते ५ टक्के इतका बसत आला आहे. २०२५ साली सुलोचनाबाई गेल्या.

त्याच शहरात राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत, रोद्दम नरसिंह संचालक असताना, १९८६ साली 'फ्लोसॉल्व्हर' हा समांतर पद्धतीचा भारतीय संगणक तयार झाला आणि पुढे त्याच्या वाढीव आवृत्त्यांवर हवामानाचे मॉडेलही चालवण्यात आले. पुण्यात 'सी-डॅक'ने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा केला, हे आपल्याला ठाऊक आहेच. बाहेरून मोठे संगणक सहजी मिळत नव्हते, त्या काळातली ही कामे आहेत.

सुलोचनाबाईंच्या कामातला जो भाग माझ्या आयुष्याला येऊन भिडला, तो भुईमुगाचा. बंगळूरहून हैदराबादच्या रस्त्याने उत्तरेला निघाले, की सुमारे दोनशे किलोमीटरवर अनंतपूर लागते. आंध्र प्रदेशातला हा जिल्हा आणि त्याला लागून कर्नाटकातला पावगड तालुका, दोन्ही पर्जन्यछायेत. लाल, उथळ जमीन, जेमतेम पाऊस. तेथील शेतकरी पूर्वी तृणधान्ये आणि कडधान्ये मिसळून घेत. कोणते पीक केव्हा पेरायचे, ते पिढ्यान्‌पिढ्या चाचपून ठरले होते. मग थोड्याच दशकांत सारे रान भुईमुगाखाली आले. नव्या पिकाला आजोबांचा अनुभव उपयोगी पडेना, आणि नवा अनुभव जमा व्हायला लागणारी पन्नास वर्षे कोणाकडेच नव्हती. सुलोचनाबाई, पी. आर. शेषगिरी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उणीव भरून काढण्यासाठी 'पीनटग्रो' हे अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात घडलेले मॉडेल घेतले, त्यात अनंतपूरचा अनेक दशकांचा पाऊस घातला आणि पेरणीच्या तारखा एकेक करून तपासल्या. पहिला चांगला पाऊस झाला की तिफण जुंपायची, ही आपली सहज प्रवृत्ती. त्या भागापुरते आणि त्या वाणापुरते त्यांना असे आढळले, की जुलैच्या मध्यानंतर पेरलेले पीक हातचे जाण्याचा धोका सर्वांत कमी असतो. पण एवढे सांगून ते थांबले नाहीत. या मॉडेलमध्ये कीड आणि रोग यांचा हिशोब नव्हता. पावसाच्या खंडात पाने पोखरणारी अळी पडते, हे शेतकऱ्याला माहीत असते. मॉडेलला सांगितल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून त्यांनी तो विचार स्वतंत्रपणे जोडला, आणि शेतकऱ्यांना केवळ सल्ला न देता त्यांचे प्रश्न आधी विचारून घेतले.

मी सुलोचनाबाईंची विद्यार्थिनी नव्हते. मी दुसऱ्या एका संस्थेत काम करत होते. पण हे काम वाचल्यावर माझ्या मनात आले, की हेच मॉडेल आपल्या गावाकडच्या पावसावर चालवावे. आमची आठ एकर कोरडवाहू जमीन. वडील, ज्यांना गावात सगळे अप्पा म्हणत, दर मृग नक्षत्राला मला फोनवर विचारत, "तुझं यंत्र काय म्हणतंय? पेरू का थांबू?" मी हसून विषय बदलत असे. या वेळी उत्तर द्यायचे ठरवले.

जवळच्या एका पर्जन्यमापन केंद्राच्या जुन्या नोंदी मिळवल्या, संगणकात भरल्या, आज्ञांची फाइल लिहिली. मॉडेल सुरू झाले आणि थोड्या वेळाने अडले. काही दिवसांच्या जागी पावसाचा आकडाच नव्हता. अशा जागी उणे ९९ लिहायचे, असा या मॉडेलचा संकेत आहे. अर्थ असा, की या दिवसाची माहिती उपलब्ध नाही. मी तसे लिहिले होते, आणि प्रत्येक उणे ९९ पाशी मॉडेल इशारा देत होते. रात्रीचे अकरा वाजले होते. पंधरा दिवसांवर शेतकऱ्यांची एक बैठक होती. तेथे मला हे निष्कर्ष मांडायचे होते. मी आणखी एक ओळ लिहिली: जेथे जेथे उणे ९९ आहे, तेथे तेथे शून्य घाल. एंटर दाबले. इशारे बंद झाले. ७२० खरीप सुरळीत पार पडले. तक्ता असा नीटस आला, की मला माझे कौतुक वाटले. लवकर पेरणी फार धोक्याची आहे, असे त्यातून स्वच्छ दिसत होते.

दिवाळीला घरी आले तेव्हा तो तक्ता अप्पांना दाखवला. ते चौथीपर्यंत शिकलेले. पण आकड्यांवरून बोट फिरवत सावकाश वाचत गेले. एका सालावर त्यांचे बोट थांबले. "हे साल चुकलंय," ते म्हणाले.

मी सांगितले, की त्या साली जुलै कोरडा गेला आणि लवकर पेरलेला भुईमूग बुडाला.

"बुडाला कसला? त्या साली शेंगांना पोती पुरली नव्हती. तुझ्या आत्याचं लग्न त्या शेंगांवर झालंय."

मी म्हणाले, "अप्पा, कॉम्प्युटर तसं दाखवतोय."

ते म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर लग्नाला आला नव्हता."

घरात सगळे हसले, मीही हसले. पण बंगळूरला परतल्यावर मूळ नोंदींची पाने काढून पाहिली. त्या सालच्या जुलैत ओळीने तेवीस दिवसांच्या रकान्यांत काहीच लिहिलेले नव्हते. नुसती एक उभी रेघ ओढलेली होती. मोजणारा आजारी असेल, मापक फुटला असेल, देव जाणे. पाऊस पडला नव्हता असे कोणीही लिहिलेले नव्हते. ते मी लिहिले होते. रात्री अकरा वाजता, एका ओळीत, तेवीस दिवसांचा पाऊस मी पुसून टाकला होता. अशी आणखी पाच साले निघाली.

मुलांनो, येथे मला तुमच्या वयाची एक आठवण सांगायची आहे. आठवीत आम्हांला भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, बोरीच्या झाडापासून लांब, एक पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला आळीपाळीने दोघांनी पाणी मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा. साडेआठच का? तर देशभरात सगळीकडे त्याच वेळी मोजतात. सगळ्यांची वेळ एक असली तरच आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात. एका रविवारी माझी आणि माझ्या मैत्रिणीची पाळी होती. आम्ही गेलोच नाही. सोमवारी वहीत रविवारच्या जागी मी ऐटीत शून्य लिहिले. बाईंनी वही पाहिली, मला बोलावले आणि विचारले, "काल पाऊस पडला नाही, की तू मोजला नाहीस?" मी खाली मान घातली. बाईंनी स्वतःच्या हाताने ते शून्य खोडले, तेथे रेघ मारली आणि म्हणाल्या, "पडला नसेल तर शून्य. मोजला नसेल तर रेघ. शून्य ही माहिती असते. रेघ ही कबुली असते."

हार्वर्डमध्ये शिकण्याचे भाग्य मला लाभले नाही. पण माझ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा मला तेराव्या वर्षी या मैदानावर मिळाला होता. आणि नेमक्या वेळी तो मी विसरले.

चूक दुरुस्त करायला दोन महिने लागले. काही साले गाळावी लागली, काहींचे रिकामे दिवस शेजारच्या केंद्रांवरून भरले, आणि कोणता दिवस कोठून भरला याची टिपणे त्याच फाइलमध्ये लिहून ठेवली. मग पुन्हा तीच एक ओळ, पुन्हा एंटर. नवा तक्ता पहिल्याइतका नीटस नव्हता. लवकर आणि उशिरा पेरणीत फरक दिसत होता, पण लहान; हलक्या जमिनीत थोडा अधिक, भारी जमिनीत नाममात्र. शेतकऱ्यांच्या बैठकीत मी कबूल केले, की आधीचा निष्कर्ष मी मागे घेतला आहे आणि तो का घेतला तेही सांगितले. मला वाटले होते, लोक हसतील. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, चुकलं ते सांगितलंत, आता पुढचं ऐकतो." त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला आपल्या जमिनीविषयी प्रश्न विचारले.

तो जुना तक्ता बैठकीत तसाच मांडला गेला असता तर? काही कुटुंबांनी पहिला चांगला पाऊस हातचा सोडला असता. पुढचा पाऊस आला नसता, तर त्यांचे बियाणे, खत आणि त्यासाठी काढलेले कर्ज बुडाले असते. माझा पगार मात्र ठरल्या तारखेला झाला असता. मॉडेल चालवणाऱ्याने ही गोष्ट कधीही विसरू नये. संगणकाला चुकीची आज्ञा द्या, तो ती तितक्याच निष्ठेने पाळतो आणि उत्तर तितक्याच सुबक अक्षरांत छापतो. उत्तराच्या चेहऱ्यावरून त्याची जात ओळखता येत नाही. ज्याने एंटर दाबले, त्याने रीत दाखवली पाहिजे आणि इशाऱ्यांची फाइल उघडून वाचली पाहिजे. मी तो इशारा ऐकला नाही. इशारा देणाऱ्याचेच तोंड बंद केले.

पुढच्या मृगाला अप्पांचा फोन आला. "मग? पेरू का थांबू?" या वेळी मी विषय बदलला नाही. म्हणाले, "अप्पा, दहा सालांपैकी साधारण सहा साली थांबलेलं बरं पडलं असतं, चार साली लवकर पेरलेलं. यंदाचं साल कोणतं, ते मला सांगता येत नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "म्हणजे ठरवायचं मलाच." मी म्हटले, "हो." त्या वर्षी त्यांनी अर्धे रान लवकर पेरले, अर्धे उशिरा. मॉडेलचा याहून शहाणा उपयोग मी आजवर पाहिलेला नाही.

आज साधने फार पुढे गेली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' आणि २०२४ साली 'अर्क' हे महासंगणक आले. मे २०२५ पासून देशाचा अंदाज सहा किलोमीटरच्या चौकटींत काढला जाऊ लागला. पूर्वी ही चौकट बारा किलोमीटरची होती. म्हणजे आपले गाव आणि शेजारचे गाव आता बहुधा वेगवेगळ्या चौकटींत येतील. पण चौकट कितीही लहान केली, तरी तिच्यात पडलेला पाऊस कोणीतरी मोजलेला असावा लागतो. नाहीतर अंदाज खरा ठरला की खोटा, हे तपासायचे कशावर? आणि पीक-मॉडेल शिकायला महासंगणकही लागत नाही. मी वापरते ते मॉडेल आज विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. आपल्या नववी-दहावीच्या मुलांना ते शिकवायला मी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस येईन, असे या व्यासपीठावरून कबूल करते.

त्याआधी मात्र एक काम शाळेने करावे, अशी माझी विनंती आहे. काल मी मैदानाच्या त्या कोपऱ्यात जाऊन आले. बोरीचे झाड आहे; पर्जन्यमापक नाही. कार्यालयातील कपाटात आमच्या बाईंच्या काळातल्या वह्या मात्र सापडल्या: अकरा पावसाळे, निळ्या शाईत, वेगवेगळ्या अक्षरांत. मी पाने उलटत गेले आणि माझा तो रविवार सापडला. खोडलेले शून्य आणि शेजारी बाईंच्या हातची रेघ. त्या अकरा वह्यांतले आकडे संगणकात भरून घेण्याचे काम आम्ही माजी विद्यार्थ्यांनी आजच वाटून घेतले आहे. रेघा रेघाच राहतील.

नवा पर्जन्यमापक मी बरोबर आणला आहे. तो कार्यालयात ठेवला आहे. त्याच्यासोबत एक कोरी वही आहे. पालकांना एवढेच सांगते, की सकाळी साडेआठला मूल पावसात भिजत मैदानात उभे दिसले, तर त्याला रागावू नका. ते देशाचे काम करत असते. आणि मुलांनो, एखाद्या रविवारी तुम्हीही जाणार नाही. हरकत नाही. सोमवारी वही उघडा आणि रेघ मारा.

माझे भाषण या वेळी पूर्ण झाले.